वेक बोटीत बॅलास्ट भरल्यावर प्रॉपेलरची पकड सुटते. वजन कसं वाटावं?

खोलपाणी (प्रश्न)

बोट ६.७ मीटर लांब, २.५ मीटर रुंद, व्ही-ड्राइव्ह (इंजिन मागे, त्याचा जोर गिअरमधून वळून प्रॉपच्या शाफ्टला मिळतो). इंजिन ५.७ लिटर व्ही-८, गिअर १.४६:१. प्रॉप चार पात्यांचा, व्यास १४.५ इंच, पिच (एका फेरीत प्रॉप हिशेबानं जेवढा पुढे जाईल ते अंतर) १४.२५ इंच. लाट घडवायला गेट (मागची हलती फळी) किंवा तसं काही बसवलेलं नाही, त्यामुळे वेकसर्फिंगसाठी, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर सर्फ करायला, बोट डावीकडे झुकवावी लागते.

आत्ताचं बॅलास्ट (लाट मोठी करायला भरलेलं पाण्याचं वजन) असं आहे: मागच्या डाव्या टाकीत १८० किलो, मागच्या उजव्या टाकीत १८० किलो, मधल्या टाकीत १६० किलो, आणि डाव्या टाकीवर ठेवलेली ३४० किलोची वेगळी पिशवी. पुढे काहीच नाही.

लक्षणं:

- रिकाम्या बोटीत पूर्ण थ्रॉटलला ५१५० आरपीएम मिळतात. इंजिनाच्या पुस्तकात ५००० ते ५४०० दिले आहेत, म्हणजे ठीक.
- सगळं भरल्यावर पूर्ण थ्रॉटलला ४२५० च्या वर काटा जात नाही.
- ताशी १८ किमीला ३५०० आरपीएम लागतात. डावीकडे वळताना आरपीएम एकदम ३९०० वर उडतात, वेग १५ वर येतो आणि तळाखालून घरघर ऐकू येते. उजवीकडे वळताना हे फार कमी होतं.
- प्रॉप काढून पाहिला तर पात्यांच्या मुळाशी, पुढच्या बाजूला, बारीक खड्डे दिसतात. कडा वाकलेल्या नाहीत.

कमी पिचचा प्रॉप घेतला की हे सुटेल असं दुकानदाराचं म्हणणं. खरंच प्रॉप बदलायचा, की वजनाची जागा बदलायची?

---

लाटमोजणी

आधी वजन. प्रॉपला हात लावायची वेळ कदाचित येणारही नाही. का ते आकड्यांनीच बघा.

तुमचं एकूण बॅलास्ट ८६० किलो, त्यातलं ७०० किलो मागे. म्हणजे ८१ टक्के. व्ही-ड्राइव्हमध्ये इंजिनही मागेच असतं, पेट्रोलची टाकी बहुतेक वेळा मागेच, आणि माणसं बसतात तीही मागच्या बाकांवर. अशा बोटीचं बूड पाण्यात रुततं आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) आकाशाकडे जाते. मग बोट पाणी कापत नाही, ढकलत राहते. पुढे जायला लागणारा जोर वाढतो आणि तो सगळा प्रॉपच्या पात्यांवर येतो.

आता स्लिप, म्हणजे हिशेबाच्या वेगापेक्षा खरा वेग किती टक्के कमी पडतो ते, काढा. पिच इंचांत असेल तर सूत्र असं: आरपीएम भागिले गिअर, गुणिले पिच, गुणिले ०.००१५२४. उत्तर ताशी किमीमध्ये येतं. पाणी घन असतं आणि प्रॉप त्यातून स्क्रूसारखा गेला असता तर बोटीचा वेग एवढा झाला असता.

३५०० ÷ १.४६ × १४.२५ × ०.००१५२४ = ५२ किमी. प्रत्यक्ष वेग १८. म्हणजे स्लिप ६५ टक्के. वळणावर ३९०० आरपीएमला हिशेब ५८ किमीचा येतो आणि वेग १५, म्हणजे स्लिप ७४ टक्के. रिकामी बोट प्लेनवर (पाण्याच्या वर उचलून घसरत) असताना हाच प्रॉप १५ ते २५ टक्के स्लिपवर चालायला हवा. सर्फच्या वेगाला स्लिप जास्तच असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ६५ वरून ७४ वर जाणं म्हणजे पात्यांनी पाणी सोडलं. वेग जीपीएसचा घेत असाल तर दोन्ही दिशांना जाऊन सरासरी काढा, नाहीतर प्रवाह आणि वारा आकडा बिघडवतात.

आता प्रॉप बदलला तर काय होईल ते बघू. एक इंच पिच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. दोन इंच कमी केली तर भरलेल्या बोटीत तुम्ही फार तर ४६५० वर जाल, पण रिकाम्या बोटीत ५४५० ते ५५५० होतील, म्हणजे इंजिनाच्या मर्यादेबाहेर. एक इंच कमी केली तर रिकामी बोट मर्यादेत राहील आणि भरलेली जेमतेम ४४५० ला पोचेल. नुसत्या प्रॉपने हे गणित बसत नाही.

बाजूचा हिशेबही करा. मधल्या रेषेपासून टाकीचं अंतर ०.८५ मीटर धरू. डावीकडे ५२० × ०.८५ = ४४२, उजवीकडे १८० × ०.८५ = १५३. फरक २८९ किलो-मीटर. त्यात ७५ किलोची दोन माणसं डाव्या बाकावर, ०.८ मीटरवर बसली की आणखी १२० जमा.

माझी सुचवणी: डाव्या पिशवीत ३४० ऐवजी २०० च भरा आणि पुढे नाळेच्या जमिनीवर १८० किलोची पिशवी टाका. मागे ५६०, मधे १६०, पुढे १८०, एकूण ९००. मागचा वाटा ६२ टक्क्यांवर येतो, बाजूचा फरक १७० वर. एकूण वजन ४० किलोनं वाढूनही बोट जास्त हलकी चालेल, कारण ती कुबडावरून (स्वतःच्याच पुढच्या लाटेच्या चढावरून) वर येऊ शकेल.

पुढची पिशवी एकदम पूर्ण भरू नका. ५० किलोच्या टप्प्यांनी भरा आणि प्रत्येक टप्प्याला नाळेचा काठ पाण्यापासून किती वर आहे ते मोजा. नाळ जड झाली की वेग कमी करताना मागून येणारी स्वतःचीच लाट नाळेवरून आत येते, आणि सुकाणू हलकं लागून बोट नाळेवर फिरायला लागते.

---

नळी_आणि_व्हॉल्व्ह

वरच्या हिशेबाशी सहमत, पण एक गोष्ट करू नका: ३४० च्या पिशवीत २०० भरून सोडून देऊ नका.

अर्धवट भरलेल्या पिशवीतलं पाणी बोट झुकेल त्या बाजूला धावतं. तुमचा त्रास डाव्या वळणाचा, आणि नेमकं तेव्हाच ते पाणी आणखी डावीकडे सरकून झुकाव वाढवेल. टाकीला ही अडचण कमी, कारण ती अरुंद असते आणि काहींत आत पडदे असतात. पिशवीला काहीच नसतं. एक तर १८० ची पिशवी घेऊन ती ताठ होईपर्यंत भरा, नाहीतर मोठी पिशवी निम्मी दुमडून पट्ट्यांनी आवळा. ताठ म्हणजे वरून दाबल्यावर हाताला फुग्यासारखी लागली पाहिजे आणि आत हवा राहिलेली नको. हवा काढायचं तोंड सगळ्यात वरच्या कोपऱ्यात असू द्या.

दुसरं, बोट एवढी खाली बसली की ओव्हरफ्लोची भोकं पाण्याखाली जातात का ते बघा. रिकाम्या बोटीत ती पाण्याच्या वर असतात म्हणून कोणी लक्ष देत नाही. डावीकडे झुकलेल्या बोटीत डावं भोक बुडालं की पंप बंद असूनही सायफन सुरू राहतो, आणि तुम्ही समजता त्याहून जास्त पाणी आत असतं किंवा दुसऱ्या टाकीतलं पाणी हळूहळू निघून जातं. नळी काठाच्या आतून वर नेऊन वळसा द्या आणि वळशाच्या माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह बसवा.

पंपाचंही सांगून ठेवतो. उलटसुलट चालणारा रबरी इम्पेलरचा पंप मिनिटाला साधारण ५० लिटर देतो. १८० लिटरला चार मिनिटांच्या आसपास लागायला हवीत, नळी लांब किंवा वळणावळणाची असेल तर जास्त. दुप्पट वेळ लागत असेल तर इम्पेलरची पाती मोडली आहेत किंवा तोंडाशी गवत अडकलंय. रिकामी झालेली पिशवी उपसत राहिलात तर इम्पेलर कोरडा पडून जळतो, म्हणून टायमरवर विसंबून दुसऱ्या कामाला लागू नका.

---

शाफ्टवाला

खड्ड्यांबद्दल लिहितो, कारण त्यावरून बरंच कळतं.

पकड सुटण्याचे दोन प्रकार असतात आणि लोक दोन्हींना कॅव्हिटेशन म्हणतात. हवा ओढली जाणं वेगळं. पृष्ठभागावरची किंवा एग्झॉस्टची हवा प्रॉपपर्यंत पोचते, आरपीएम एकदम उडतात, थ्रॉटल थोडा सोडला की लगेच पुन्हा पकड येते. यात पात्याला सहसा खड्डे पडत नाहीत. कॅव्हिटेशनमध्ये पात्याच्या एका बाजूला दाब इतका उतरतो की पाण्याचीच वाफ होते, आणि ते बुडबुडे पात्यावर फुटून धातू कुरतडतात. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय: मुळाशी खड्डे म्हणजे कॅव्हिटेशन, डाव्या वळणावरची उडी म्हणजे बहुतेक हवा.

मुळाशीच खड्डे का? इनबोर्डचा (इंजिन आत असलेल्या बोटीचा) शाफ्ट तळाशी कोन करून बाहेर येतो. खाली जाणाऱ्या पात्याला पाणी जास्त कोनात भेटतं आणि वर येणाऱ्याला कमी. प्रत्येक फेरीत प्रत्येक पात्यावरचा भार असा चढतो आणि उतरतो. हा कोन सगळ्याच इनबोर्डांना असतो, आणि नाळ उचलली म्हणून तो जितका वाटतो तितका वाढत नाही, कारण तळालगतचं पाणी तळाच्याच दिशेनं वाहतं. वाढतो तो भार. रोजच्या भाराला निभावणारं पातं दीडपट भाराला निभावत नाही.

डावीकडेच जास्त का? बोट आधीच डावीकडे कललेली. डावीकडे वळलात की ती आणखी डावीकडे झुकते, उजवा काठ उचलतो, आणि प्रॉपवरचं पाण्याचं झाकण त्या बाजूनं पातळ होतं. त्यात सुकाणू पूर्ण वळवलं असेल तर त्याच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होऊन हवा खाली खेचली जाते. झुकलेल्या बाजूला वळायचंच असेल तर मोठा वळसा घ्या.

वजन हलवण्याआधी खालच्या गोष्टी तपासा, नाहीतर चाचणीचे आकडे फसवे येतील.

प्रॉप काढायला पुलरच वापरा. हातोडा मारलात तर शाफ्टचा निमुळता भाग आणि पाती दोन्ही जातात. प्रॉप दुरुस्तीवाल्याकडे देऊन चारही पात्यांची पिच मोजून घ्या. डोळ्याला सरळ दिसणारं पातं अर्धा इंच पिचनं चुकलेलं असू शकतं. बारीक खड्डे घासून साफ होतात. खोल असतील तर वेल्डिंग करून पुन्हा तोल करून घ्यावा लागतो. परत बसवताना प्रॉप आधी चावीशिवाय (शाफ्टवर प्रॉप फिरू न देणारी धातूची पट्टी) निमुळत्या भागावर किती आत जातो ते शाफ्टवर खुणेनं नोंदवा, मग चावी घालून तेवढाच आत जातो का ते बघा. कमी गेला तर प्रॉप चावीवर चढलाय. नायलॉनची चकती असलेला नट नवा घ्या, कॉटर पिनही नवी.

स्ट्रटमधलं (तळाखाली शाफ्टला धरणाऱ्या आधारातलं) रबरी कटलेस बेअरिंग: शाफ्ट हातानं वरखाली आणि आडवा हलवा. दीड मिलिमीटरच्या वर खेळ असेल तर बदला. रबर एकाच बाजूनं झिजलं असेल तर मामला अलाइनमेंटचा, म्हणजे शाफ्ट आणि गिअर एका रेषेत नसण्याचा, आहे.

अलाइनमेंट बोट पाण्यात असताना बघायची, ट्रेलरवर नाही. शाफ्ट आणि गिअर जोडणाऱ्या दोन कपलिंगच्या तोंडांमधली फट फीलर गेजनं चार जागी मोजा, शाफ्ट ९० अंश फिरवून पुन्हा मोजा. कमाल आणि किमान फटीतला फरक ०.०८ मिलिमीटरच्या आत हवा. तुम्ही एवढं बॅलास्ट भरता, तर एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या बोटीत मोजा. भरल्यावर फरक खूप वाढत असेल तर इंजिनाचे माउंट बसलेत किंवा तळाच्या उभ्या तुळया वाकताहेत. अशा वेळी वजन कमी करणं एवढाच इलाज.

आणि गिअरचं तेल. आरपीएम चढतात पण वेग नाही, हे गिअरचा क्लच घसरतानाही होतं. फरक असा की क्लच घसरत असेल तर सरळ रेषेतही घसरेल, तेल काळं पडून जळका वास येईल, आणि थ्रॉटल सोडून पकड परत येणार नाही.

---

खोलपाणी

तेल लाल आणि स्वच्छ आहे, सरळ रेषेत घसरत नाही. शाफ्टला खेळ जवळजवळ नाही. अलाइनमेंट दोन्ही स्थितींत मोजून घेतो.

१८० ची पिशवी धरून नवा हिशेब: मागे डावीकडे ३६०, उजवीकडे १८०, मधे १६०, पुढे १८०. एकूण ८८०. मागचा वाटा ६१ टक्के, बाजूचा फरक १५३. बरोबर?

दोन शंका. पुढे पाण्याच्या पिशवीऐवजी शिशाच्या २३ किलोच्या पिशव्या चालतील का? आणि उजवा पाय पुढे ठेवून सर्फ करणारे दोघं आहेत, त्यांना उजवीकडची लाट लागते, त्यांच्यासाठी बाजू बदलताना सगळं उलटं करायचं का?

---

लाटमोजणी

हिशेब बरोबर. बाजूचा फरक आधीच्या निम्म्यावर आला.

चाचणी अशी घ्या. शांत पाणी, पेट्रोलची टाकी अर्धी, माणसं ठरलेल्या जागी. १५० लिटर पेट्रोल म्हणजे एकशे दहा किलोच्या आतबाहेर वजन आहे हे विसरू नका, आणि दर वेळी टाकी सारखीच ठेवा. चारही कोपऱ्यांवर रबरी काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजून लिहा. तुमची रुंदी २.५ मीटर, म्हणजे डाव्या-उजव्या मापात ४.४ सेंटीमीटर फरक पडला की एक अंश झुकाव. उभ्या बोटीत तीन-चार अंशांच्या आत राहा, म्हणजे फरक १३ ते १७ सेंटीमीटर. लाट त्यातच बसवायचा प्रयत्न करा.

मग चार फेऱ्या: रिकामी, फक्त टाक्या भरून, टाक्या आणि पुढची पिशवी, शेवटी सगळं. प्रत्येक वेळी १८ किमीला लागणारे आरपीएम, पूर्ण थ्रॉटलला पाच सेकंद धरून मिळणारे आरपीएम, आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या वळणांत आरपीएमची उडी, एवढंच लिहा. कोणत्या वजनानं त्रास सुरू होतो ते कागदावर लगेच दिसतं. स्पीड कंट्रोल लावलेला असेल तर तो आरपीएम सारखे वरखाली करत राहतो का तेही बघा. सरळ पाण्यात तो शिकार केल्यासारखा हलत असेल तर प्रॉप अजून काठावरच आहे.

भरलेल्या बोटीत ४६०० च्या वर गेलात तर प्रॉप आहे तोच ठेवा. नाही गेलात तर एक इंच पिच कमी. व्यास वाढवून १५ इंच घ्यायचा मोह होईल, पकड त्यानं सुधारतेही, पण १.४६ गिअरला मोठा व्यास फिरवणं इंजिनाला जड जातं. शिवाय पात्याचं टोक तळाच्या सहा मिलिमीटर जवळ येतं. टोक आणि तळ यांत व्यासाच्या १५ टक्के अंतर असावं हा जुना ठोकताळा, १५ इंचांना म्हणजे ५७ मिलिमीटर. आधी मोजा, मग प्रॉप मागवा.

---

नळी_आणि_व्हॉल्व्ह

शिसं चालतं, आणि पुढच्या भागासाठी चांगलंच, कारण जागा कमी लागते आणि ते सांडत-हलत नाही. पण अडचणीच्या वेळी ते उपसून बाहेर टाकता येत नाही. म्हणून सगळं पुढचं वजन शिशाचं करू नका. चार पिशव्या म्हणजे ९२ किलो शिसं, बाकी पाणी. पिशव्या बाकाखाली खालच्या पातळीवर ठेवून पट्ट्यांनी बांधा. ट्रेलरवर चढवताना शिसं काढून ठेवायचं, टाक्या आणि पिशव्या रिकाम्या करायच्या. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलला ८८० किलो जास्तीचे झेपणार नाहीत, आणि तळ्याचं पाणी दुसऱ्या तळ्यात नेलं जाऊ नये हेही आहेच.

बाजू बदलण्यासाठी उजवीकडे दुसरी १८० ची पिशवी ठेवा आणि डावी पूर्ण रिकामी झाल्यावरच उजवी भरा. आधी उजवी भरलीत तर मधल्या काळात मागे ७२० किलो होतात, म्हणजे आत्तापेक्षाही वाईट. पाणी खोल असेल तिथेच भरा. भरलेली बोट खाली बसते, प्रॉप तळाजवळ येतो, आणि नाळ उचललेली असताना त्याचा झोत खाली जातो. वाळू उडाली की ती कटलेस बेअरिंगमध्ये आणि इंजिन थंड करणाऱ्या पंपात जाते. चार-पाच मीटरपेक्षा कमी पाण्यात सर्फचा वेग धरूच नका.

---

नाळेवरून

एक पर्याय कोणी लिहिला नाही. व्हॅक्यूमनं तळाच्या बाजूला चिकटवायचा वेक शेपर. डाव्या लाटेसाठी तो उजव्या बाजूला, ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) थोडा पुढे, पाण्याखाली लावतात. तो उजवीकडचं पाणी उशिरा मिटू देतो आणि डावी लाट स्वच्छ होते. मालिबूनं २०१२ मध्ये सर्फ गेट आणलं तेही याच तत्त्वावर. मग बोट झुकवायची गरज फारशी उरत नाही, दोन्ही बाजूंना सारखं वजन भरता येतं, आणि वळणावरची हवा ओढण्याची तक्रार मुळातच कमी होते. बाजू बदलायची तर शेपर दुसरीकडे लावला की झालं, पाणी उपसत बसायला नको. लावायची जागा आधी पुसून गुळगुळीत करा, दोरी बांधा, आणि वेगात जाण्यापूर्वी काढून ठेवा. ओढ थोडी वाढते, १८ किमीला थोडे आरपीएम जास्त लागतील, ते धरून चाला.

आणि वजन कसंही वाटलं तरी एक बघाच. मागचा भाग खाली आणि नाळ वर असताना एग्झॉस्टची हवा ट्रान्समवरून बोटीत परत फिरते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सर्फर बोटीच्या अगदी मागे असतो आणि मागच्या बाकावर मुलं बसलेली असतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागच्या बाकाजवळ लावा, आणि मागच्या फळीवर कोणी बसलं असेल तर इंजिन बंदच ठेवा.